छापायच्या आधीचं बटन

मॉनिटरच्या काचेवर लाकडी फूटपट्टी आडवी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "हात कुठं जाते ते पाहा, बाई." पवनीच्या एका शाळेतल्या बडे बाबूंचं हे वाक्य मी एका उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकलं की पुढे कुठेही फूटपट्टी दिसली तरी माझं डोकं उठायचं. मॉनिटर शाळेचा होता, पण त्या पट्टीचा ओरखडा माझ्या जिवाला पडायचा.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी भंडाऱ्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवत होते, आणि शिकवून शिकवून कंटाळले होते. घरी बसून मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आमच्याकडची टीसी, त्यातून छापून निघायची. नाव शोधा, माहिती तपासा, जतन करा, छापा. पवनीच्या शाळेने तो घेतला असता तर त्याच संस्थेच्या बाकीच्या शाळांत गेला असता आणि माझं टायपिंग सुटलं असतं. नसता घेतला तर पुन्हा तेच 'ए एस डी एफ'. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मले त्यातलं काई समजत नाही. बडे बाबू हो म्हणाले की मी सही करतो."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. परीक्षेच्या दिवसांत सुरू झालं ते निकाल लागेपर्यंत चाललं. भंडारा ते पवनी एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा. अड्याळच्या थांब्यावर चहावाला मला ओळखायला लागला होता, एवढंच काय ते त्या उन्हाळ्याचं फळ.

असा एखादा बाबू तुमच्याही पाहण्यात असेलच. पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक लाल. टेबलावर दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद असलेलं, जाडजूड आणि कडा खाल्लेलं. खिडकीशी कोणी "जय भीम, बडे बाबू" म्हटलं की हे "जय भीम" म्हणायचे, कोणी "राम राम" म्हटलं की "राम राम", आणि मी "नमस्कार" म्हटलं की म्हणायचे, "बसा. आज काय बिघडवून आणलं?"

पहिल्या दिवशी खरंच बिघडलेलं होतं. माझ्या घरच्या मशीनवर फॉर्म मोठा दिसायचा, शाळेचा मॉनिटर जुना. सगळ्या खिडक्या, रकाने, बटणं मोठी होऊन पसरली आणि उजवीकडचं 'छापा' पडद्याच्या बाहेर. वर मराठी फॉन्ट टाकलेला नव्हता, त्यामुळे राहिलेल्या बटणांवर भुताटकीची अक्षरं. बडे बाबूंनी चष्मा वर केला, खाली केला. "बाई, ही कोणत्या देशातली टीसी आहे? आन् तुमचं छापाचं बटन तर गावाबाहेर गेलं."

मी फॉन्ट टाकला, फॉर्म लहान केला, सहाही बटणं खाली एका सरळ ओळीत बसवली. सारखी उंची, सारखी रुंदी, मधलं अंतर सारखं. त्या ओळीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. बडे बाबूंनी पट्टी लावली आणि म्हणाले, "ओळ चांगली आहे. पण आपल्याले रांगोळी नाही काढायची."

मग जिल्ह्याचं भांडण. मी मोठी हुशारी करून गावाचं नाव टाकलं की जिल्हा आपोआप येईल असं केलं होतं. एका मुलाचं जन्मस्थळ तिरोडा आलं, प्रोग्रॅमने पुढे 'जि. गोंदिया' लिहिलं. बडे बाबूंनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यात 'जि. भंडारा' होतं.

"आता तिरोडा गोंदियात आहे, बडे बाबू."

"आता आहे. पण पोरगा जलमला तवा गोंदिया जिल्हाच नव्हता ना. जिल्हा फुटला म्हणून जलम बी फोडता का?"

रजिस्टरात जे आहे तेच टीसीवर उतरलं पाहिजे, ही दगडावरची रेघ. म्हाताऱ्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. दोन रात्री जागून गोळा केलेली गावांची यादी मी पुसून टाकली.

त्यांच्या टेबलाची तऱ्हा आणखीच वेगळी. शाईचं पॅड डाव्या हाताशी आणि शाळेचा शिक्का पार त्या टोकाच्या खिडकीत, लोखंडी कपाटाच्या पलीकडे. टीसी लिहून झाली की हे गुडघ्यावर हात देऊन उठायचे, कागद हातात घेऊन खिडकीपर्यंत चालायचे, शिक्का मारायचे, परत यायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मी एकदा न राहवून शिक्का उचलून त्यांच्या पॅडशेजारी आणून ठेवला. त्यांनी तो परत खिडकीत नेऊन ठेवला.

"गुडघे दुखतात म्हणता आणि शिक्का तिकडे कशाला ठेवता?"

"तेवढं चालता चालता एक खेप वाचून होते, बाई. शिक्का हाताशी असला की हात मारून मोकळा होते. मंग डोळे वाचते."

मला वाटलं, जन्मभर एका खुर्चीत बसलं की माणसाला असले चाळे सुचतात.

मग एक दिवस त्यांनी पुठ्ठा आणला. जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे कापून त्यावर लाल पेनाने 'शोधा', 'जतन', 'छापा' असं लिहिलं होतं, आणि ते तुकडे रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर डब्यातल्या भाताच्या शितांनी चिकटवले होते. हा त्यांचा कॉम्प्युटर. खिडकीशी आलेल्या एका आजोबांना आत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "समजा तुमी बाबू आहा. तुमाले टीसी काढाची आहे. बोट लावा."

"मले वाचाले येत नाई जी," ते आजोबा म्हणाले.

"म्हणूनच तर म्हणतो. बोट कुठं जाते ते पाहू."

आजोबांचं बोट सरळ कोपऱ्यातल्या शेवटच्या तुकड्यावर गेलं. तो 'छापा' होता. बडे बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्या म्हाताऱ्याला फितवून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्याला मुंग्या लागल्या, 'रद्द' एका बाजूने सुटून लोंबत होतं, तरी तो पुठ्ठा फेकायची परवानगी नव्हती. मी अक्षरशः हात टेकले.

त्यांना काय हवं होतं ते आता सांगते, कारण सगळं भांडण तिथेच होतं. 'जतन' आणि 'छापा' यांच्यामध्ये त्यांना आणखी एक बटन हवं होतं. त्यावर लिहायचं, 'वाचून दाखवलं'. ते दाबल्याशिवाय 'छापा' उजळायचं नाही. आणि ते खाली माझ्या ओळीत नको. ते वर, जन्मतारखेच्या रकान्याला खेटून पाहिजे. म्हणजे दाबायला हात तिथे जाईल आणि हाताबरोबर डोळा जाईल.

"बडे बाबू, सगळ्या जगात बटणं खाली एका ओळीत असतात."

"जगाले टीसी नाही द्यायची, बाई. पवनीले द्यायची आहे."

"आणि न वाचता नुसतंच दाबलं कोणी तर? प्रोग्रॅमला काय कळणार आहे?"

"दाबतील ना. पण खोटं दाबलं हे दाबणाऱ्याले तरी माहीत राहील."

मी चिडून विचारलं की ह्या एका बटणापायी माझा महिना चालला आहे, तुमचं नेमकं काय अडलं आहे. त्यांनी पट्टी खाली ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी मला कारण सांगितलं.

काही वर्षांपूर्वी, निकालाच्या दिवसांत, खिडकीशी रांग असताना त्यांनी आसगावच्या एका मुलीची टीसी लिहिली. रजिस्टरात त्याच नावाची दुसरी मुलगी होती, बापाचं नावही तेच. जन्मतारीख त्या दुसरीची उतरली. हिचा बाप निरक्षर. त्याने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपाळाला लावून नेला. मुलगी नर्सिंगच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली तर तिथे वय वर्षभर कमी भरलं. अर्ज बाजूला ठेवला. चूक कळून, पवनीला येऊन, दुसरी टीसी नेईपर्यंत यादी बंद झाली होती. पुढच्या साली तिचं लग्न झालं.

"मी जर त्या बापाले खिडकीतून नुसतं वाचून दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, नाही जी, माही पोरगी तळं फुटलं त्या साली झाली. तारीख नसते त्यायले माहीत, पण साल माहीत राहते." मग म्हणाले, "रोवण्याले जाते ती आता दुसऱ्याच्या धानाच्या बांदीत. रस्त्यात भेटली की मलेच विचारते, बडे बाबू, बरे आहा ना जी? शिव्या देत नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यानंतर ते प्रत्येक टीसी वाचून दाखवायचे. हे मी रोज पाहत होते आणि वैतागत होते, कारण रांग हलायची नाही. नाव, आईचं नाव, गाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, सगळं मोठ्याने. जातीच्या रकान्याशी आले की मात्र आवाज बंद व्हायचा. कागद खिडकीतून पुढे करून तिथे नुसतं बोट ठेवायचे, ज्याला वाचता येत नाही त्याच्या कानाशी वाकून सांगायचे. मागच्यांनी कायले ऐकाचं, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेर ते रिटायर होणार होते आणि आपल्यामागे ह्या खिडकीतून एकही चुकीचा कागद जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. ते सगळं त्यांना माझ्या एका बटणावर सोपवून जायचं होतं.

मी ते बटन टाकलं. जन्मतारखेला खेटून, त्यांनी पट्टी धरली तिथे. दिसायला भयंकर दिसत होतं, दातांच्या ओळीतला एक दात नाकाशी उगवल्यासारखं.

मग संस्थेचे सचिव प्रोग्रॅम पाहायला आले. त्यांना दुसरीकडे कुठे तरी जायचं होतं, ते बसलेही नाहीत. मी एक टीसी काढून दाखवली. त्यांनी मोजलं. "हे मधातलं बटन कायले? दोन टिचक्यांत झालं पायजे."

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. बडे बाबूंकडे पाहून 'यांना विचारा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला सही दिसत होती, बाकीच्या शाळा दिसत होत्या. मी म्हटलं, "ते काढता येईल, सर. लगेच."

बडे बाबूंनी पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली. "काढा," ते म्हणाले. "बाईले लंबा पल्ला आहे."

मी तिथेच बसून ते बटन काढलं. मंजुरीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी निळ्या पेनाने सही केली आणि खाली लाल पेनाने शेरा मारला: 'वाचून दाखवण्याची सोय नाही.' मुख्याध्यापकांचं तोंड कडू झालं, माझं त्याहून. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी अड्याळपर्यंत मनात म्हणत होते. कागद मात्र पास झाला. शेरे कोण वाचतं?

प्रोग्रॅम संस्थेच्या बाकीच्या शाळांत गेला, मग दुसऱ्या संस्थांत. माझं टायपिंग सुटलं. पुढच्या उन्हाळ्यात निकालानंतर काही दुरुस्तीसाठी पवनीला गेले तर गेटजवळच्या कडुलिंबाखाली, सिमेंटच्या बाकावर, बडे बाबू. तोच बुशशर्ट, तीच तीन पेनं. खिडकीतून टीसी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला थांबवत होते. "बसा. वाचून देतो."

"रिटायर झालात ना तुम्ही?"

"शाळेतून झालो. झाडाखालून कोण काढते?"

नव्या बाबूला हे आवडत नव्हतं, मुख्याध्यापकांना त्याहून नाही. आपल्या कामात हा माणूस अजून नाक खुपसतो, असं दोघंही मला सांगत बसले. मीही मान डोलावली. खरं सांगते, त्यांना तिथे पाहून मला आनंद झाला नाही. मला वाटलं, हा म्हातारा मला दाखवायलाच इथे येऊन बसला आहे.

मग एक दिवस ते भंडाऱ्याला माझ्या दारात. उन्हातून, एसटीने, हातात एक टीसी. त्याच नावाची दोन मुलं होती, नव्या बाबूने यादीतल्या पहिल्यावर टिचकी मारली आणि दुसऱ्याला पहिल्याची तारीख छापून दिली. झाडाखाली बापाने ऐकलं आणि म्हणाला, हे माझं पोरगं नाही. नवी टीसी त्याच दिवशी निघाली होती. चुकीची ही. बडे बाबूंनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

लाजेने माझा आवाज चढला. मी म्हटलं, संस्थेचं पत्र असल्याशिवाय मला फॉर्म बदलता येत नाही. बारा शाळांत तोच फॉर्म चालतो. उद्या कोणी काही म्हटलं तर जबाबदार कोण?

"पत्र मागाले नाही आलो, बाई. नुसतं दाखवाले आलो." पाणी प्यायले, ग्लास पालथा घातला. "तवर मी आहो ना तथी."

"किती वर्षं बसणार आहात झाडाखाली?"

"पाय चालते तवर."

तीन उन्हाळे ते बसले. चौथ्या उन्हाळ्यात नवे कॉम्प्युटर आले म्हणून मी प्रोग्रॅम बदलायला पवनीला गेले. दुपारच्या बसने परतायचं होतं. बाकावर कोणी नव्हतं. बाक रिकामा दिसल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला वाईट वाटतं, पण तसंच झालं. आता खिडकीत एक बाई क्लार्क होत्या. त्यांनी सांगितलं, बडे बाबू होळीच्या आधीच गेले. ताप आला, चार दिवसांत गेले.

मी बॅग उचलून गेटकडे निघाले. एक माणूस हातात टीसी धरून बाकाशी उभा होता, कोणाची तरी वाट पाहिल्यासारखा. शेजारी त्याची मुलगी. मला पाहून म्हणाला, "बाई, इथं एक बाबू वाचून देत होते."

"ते गेले," मी म्हटलं.

तो कागद दोन्ही हातांनी तसाच धरून उभा राहिला. बस यायला दहा-बारा मिनिटं होती. मी कागद घेतला आणि वाचायला लागले. नाव, आईचं नाव, गाव. जातीच्या रकान्याशी आले तेव्हा माझा आवाज आपोआप बंद झाला आणि तिथे बोट ठेवून मी त्याच्याजवळ वाकून सांगितलं. त्याने मान हलवली. जन्मतारीख अक्षरी वाचली. "बरोबर आहे का?"

"थांबा," तो म्हणाला, "हिच्या मायले विचारतो." आणि रस्त्यापलीकडे सावलीत बसलेल्या बायकोला आणायला गेला. ती येईपर्यंत माझ्यामागे आणखी पाच-सहा जण टीसी घेऊन उभे राहिले होते. रस्त्यावरून माझी बस गेली.

रांग संपल्यावर मी परत आत गेले, त्या क्लार्क बाईंना जरा उठा म्हटलं आणि फॉर्म उघडला. पत्र नव्हतं, कोणाला विचारलं नाही. जन्मतारखेला खेटून बटन टाकलं, 'छापा' त्याच्याशी बांधलं, चालवून पाहिलं. दहा मिनिटं लागली. चार वर्षं ज्याच्यासाठी पत्र नव्हतं ते काम दहा मिनिटांचं होतं, आणि बडे बाबू जिवंत असताना मी ते केलं नाही. याचा मला आजही इतका राग येतो, आणि काढायला आता समोर कोणी नाही.

क्लार्क बाई मागून पाहत होत्या. "मॅडम, छान ओळ होती. बिघडली ना."

"बिघडू द्या," मी म्हटलं. खिडकीशी एक आजी आली होती. मी क्लार्क बाईंना खुर्ची परत दिली आणि म्हटलं, "मोठ्याने वाचा."